बातमी कोणाविषयी, बातमी कोणाशी : एलजीबीटी समाज, एड्स आणि दूरचित्रवाणी

वृत्तवाहिनीत नुकत्याच रुजू झालेल्या एका वार्ताहराने विचारले आहे की, एलजीबीटी समाजाचे जगणे, त्याची संस्कृती, त्याची चळवळ आणि एड्सची साथ यांचे वार्तांकन दूरचित्रवाणीवर खरोखर चांगले कुठे झाले, ते कोणी केले आणि त्यातून मराठी वाहिनीत काम करणाऱ्याने नेमके काय घ्यावे. माझी बहुतेक सगळी नोकरी बातम्यांच्या एडिट रूममध्ये गेली. दुसऱ्यांनी टिपलेली दृश्ये कापणे आणि जोडणे हेच माझे काम असल्यामुळे एखादे दृश्य कोणासाठी टिपले आहे, हे मला बहुधा आवाज बंद ठेवूनही ओळखता येते. माझे उत्तर त्या सवयीतून आलेले आहे.

ते चांगले काम प्रामुख्याने १९८२ ते १९९६ या काळात न्यू यॉर्कच्या केबलवर झाले. ते मोठ्या नेटवर्कनी, म्हणजे देशभर दिसणाऱ्या वाहिन्यांनी, केले नाही. बहुतांश ते आजारी माणसांनी, त्यांच्या मित्रांनी आणि काही मोजक्या प्रशिक्षित व्हिडिओकारांनी केले. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द असल्यामुळे अमेरिकी निवेदक तो शब्द उच्चारतो तेव्हा पडद्यासमोर बसलेल्यांपैकी कोणाला त्याने आत घेतले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे चटकन लक्षात येत नाही. नेटवर्कच्या बातम्या समलिंगी माणसांविषयी इतरांशी बोलत होत्या, तर केबलवरचे हे कार्यक्रम समलिंगी आणि एड्स झालेल्या माणसांशीच ‘आपण’ म्हणून बोलत होते. माझ्या मते बाकीचे सगळे फरक या एका फरकातून निघतात.

सुरुवात कुठून झाली ते पाहू. ७ मार्च १९६७ रोजी सीबीएस या नेटवर्कने समलिंगी पुरुषांवर तासाभराचा वृत्तपट दाखवला आणि त्याचे निवेदन माइक वॉलेस यांनी केले. राष्ट्रीय नेटवर्कवर या विषयाला इतका वेळ मिळण्याची ती पहिलीच खेप होती. त्यातल्या एका माणसाची मुलाखत कुंडीतल्या रोपाच्या पानांआडून घेतलेली आहे. ओळख लपवणे समजण्यासारखे आहे, कारण त्या काळी जवळजवळ सगळ्या राज्यांत समलिंगी संबंध गुन्हा होता. परंतु ओळख लपवण्याचे अनेक मार्ग असतात. पाठमोरे बसवता येते, केवळ हात दाखवता येतात. चेहरा आणि कॅमेरा यांच्या मध्ये पाने आणली की पाहणाऱ्याला आपण चोरून डोकावत आहोत असे वाटते आणि समोरचा माणूस काही बोलण्याआधीच अपराधी दिसू लागतो. त्याच कार्यक्रमात जॅक निकोल्स टोपणनावाने, पण उघड्या चेहऱ्याने, शांतपणे बोलले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. या कार्यक्रमाबद्दल वॉलेस यांनी पुढे खेद व्यक्त केला, हेही नोंदवले पाहिजे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजलिसमधील पाच तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कच्या रात्रीच्या बातम्यांत हा विषय जून १९८२ मध्ये आला, तोही समलिंगी पुरुषांच्या ‘जीवनशैली’शी जोडून. त्यानंतरच्या तीन वर्षांत नेटवर्कचे लक्ष प्रामुख्याने एका प्रश्नाभोवती फिरत राहिले : हा रोग ‘सर्वसामान्य जनते’त पसरेल का? हा शब्दप्रयोग नीट पाहावा. ज्यांना रोग झालेला होता ते सर्वसामान्य जनतेत मोजलेच जात नव्हते. जुलै १९८५ मध्ये अभिनेता रॉक हडसन यांना एड्स झाल्याचे जाहीर झाले, २ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले आणि तोवर तुटपुंजे असलेले वार्तांकन एकाएकी वाढले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला एनबीसीने एड्स झालेल्या एका समलिंगी वकिलाची आणि त्याच्या कुटुंबाची कथा सांगणारा दूरचित्रपट दाखवला. तो सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला, तरीही जाहिरातदारांनी पाठ फिरवल्यामुळे वाहिनीला सुमारे ५ लाख डॉलरचा तोटा झाला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या विषयावर पहिले मोठे भाषण केले ते ३१ मे १९८७ रोजी. तोवर वीस हजारांहून अधिक अमेरिकन दगावले होते.

आता केबलकडे वळतो. मॅनहॅटनमध्ये रस्ते खणून केबल टाकण्याचा परवाना देताना न्यू यॉर्क शहराने कंपन्यांवर एक अट घातली होती की, काही वाहिन्या नागरिकांसाठी राखून ठेवाव्या लागतील आणि जो आधी येईल त्याला वेळ द्यावा लागेल. या वाहिन्या १९७१ मध्ये सुरू झाल्या. १९८४ च्या केबल कायद्याने तर अशा कार्यक्रमांच्या आशयावर केबल कंपनीने संपादकीय नियंत्रण ठेवू नये असेच बंधन घातले. याशिवाय भाडे भरून वेळ घेता येईल अशीही वाहिनी होती आणि तिच्यावर जाहिराती दाखवायला मुभा होती. याचा अर्थ असा की, ज्या माणसाची कथा कोणत्याही निर्मात्याने मंजूर केली नसती, तो स्वतःची कॅसेट घेऊन जाऊ शकत होता आणि ती दाखवली जात होती. चळवळीचा इतिहास लिहिणारे या प्रशासकीय अटीला फार जागा देत नाहीत. मला मात्र ती फार मोठी गोष्ट वाटते, कारण भारतात अशी अट कधीच आली नाही. आपल्याकडच्या १९९५ च्या केबल कायद्यात दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवण्याची सक्ती आहे; नागरिकांसाठी राखीव वाहिनीची तरतूद नाही.

लू मॅलेटा यांनी १९८२ मध्ये ‘गे केबल नेटवर्क’ सुरू केले आणि ते २००१ पर्यंत चालवले. त्यात बातम्या होत्या, नाटक-चित्रपटांच्या ओळखी होत्या, बारमधल्या मुलाखती होत्या आणि उघडपणे कामुक म्हणावे असे कार्यक्रमही होते. हे सगळे एकाच छताखाली असल्याची काहींना तेव्हा लाज वाटे, आजही वाटते. मला त्यात सचोटी दिसते. माणसाला सायंकाळी राजकारणाची बातमी हवी असते आणि रात्री करमणूक हवी असते. समलिंगी माणसाने केवळ पीडित म्हणूनच पडद्यावर यावे अशी अपेक्षा करणे हाही त्याला बाहेर ठेवण्याचाच एक प्रकार आहे. त्याच नेटवर्कचे वार्ताहर दोन्ही पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांत माइक घेऊन जात आणि नेत्यांना एड्सवर थेट प्रश्न विचारत. त्यातून वाढलेला ‘गे यूएसए’ हा बातम्यांचा कार्यक्रम अँडी हम आणि अ‍ॅन नॉर्थ्रोप यांनी नेटवर्क बंद झाल्यावरही पुढे चालू ठेवला. नॉर्थ्रोप स्वतः सीबीएसच्या निर्मात्या राहिल्या होत्या, त्यामुळे मोठ्या वाहिनीचे आतले यंत्र कसे चालते हे त्यांना पुरते ठाऊक होते. नेटवर्कच्या कॅसेटींचा हजारो तासांचा संग्रह आज न्यू यॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात आहे.

१९८३ मध्ये शहराच्या मालकीच्या डब्ल्यूएनवायसी या वाहिनीवर चित्रपट-अभ्यासक व्हिटो रूसो यांनी एक साप्ताहिक मालिका सादर केली. तिच्यात समलिंगी समाजाचा इतिहास, स्त्रिया, वयस्क माणसे आणि एड्स असे विषय आले. ती काही आठवड्यांतच संपली. रूसो यांनी पुढे माध्यमांतील चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ग्लाड’ या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये एड्सनेच त्यांचा मृत्यू झाला.

मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ या संस्थेचे काम. १९८२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये उभी राहिलेली ही संस्था केबलवर ‘लिव्हिंग विथ एड्स’ हा कार्यक्रम चालवत असे आणि १९८७ नंतर जीन कार्लोमुस्तो व ग्रेग बोर्डोवित्झ यांनी त्याला आकार दिला. बोर्डोवित्झ स्वतः एचआयव्हीसह जगत होते आणि ते त्यांनी लपवले नाही. या कार्यक्रमाचे नावच पाहावे. त्या काळात बहुतेक वृत्तपत्रे ‘एड्सचे बळी’ असे छापत असताना हे लोक ‘एड्ससह जगणे’ असे म्हणत होते. नावात ‘जगणे’ आल्यावर कार्यक्रमात काय असावे हे आपोआप ठरते. औषधाच्या चाचणीत नाव कसे घालायचे, सरकारी मदत कशी मिळवायची, घरमालकाने बाहेर काढले तर काय करायचे, संबंध ठेवताना काळजी कशी घ्यायची, ही त्यांची बातमी होती. मरणाऱ्या माणसाच्या खोल गेलेल्या गालांवर कॅमेरा हळूहळू नेण्याची जी सवय नेटवर्कना लागली होती, ती इथे सापडत नाही. याचे कारण साधे आहे. ज्याला स्वतःला उद्या तसे दिसण्याची भीती आहे, तो प्रेक्षक म्हणून समोर बसलेला असताना तो झूम कोणी करत नाही.

या माहितीची निकड समजण्यासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकी सिनेटने ९४ विरुद्ध २ मतांनी सिनेटर जेसी हेल्म्स यांची दुरुस्ती मंजूर केली आणि समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ देणाऱ्या कोणत्याही प्रतिबंधक साहित्यासाठी केंद्राचा पैसा वापरण्यास मनाई झाली. ज्यांना धोका सर्वाधिक होता त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणे सरकारी पैशातून अशक्य झाले. अशा स्थितीत केबलवरचा अर्धा तास हा काही जणांसाठी खराखुरा वैद्यकीय आधार होता.

जानेवारी १९८८ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ या स्त्रियांच्या मासिकात एका मनोविकारतज्ज्ञाचा लेख आला. नेहमीच्या स्त्री-पुरुष संबंधांतून स्त्रियांना एड्सचा धोका जवळजवळ नाही, असा त्याचा आशय होता. ‘अ‍ॅक्ट अप’ या आंदोलक संघटनेतील स्त्रिया कॅमेरा घेऊन त्या डॉक्टरांना भेटल्या, त्यांच्या विधानांचा एकेक आधार विचारला, ते माघार घेत नाहीत असे पाहिल्यावर मासिकाच्या इमारतीसमोर निदर्शने केली आणि कार्लोमुस्तो व मरिया मॅजेन्टी यांनी या सगळ्याचा वृत्तपट करून तो दाखवला. वार्ताहराने तो शिकण्यासाठी पाहावा. त्यात निदर्शनांच्या घोषणांपेक्षा आधीची तयारी जास्त आहे : कोणी काय वाचले, कोण काय विचारणार, कोणत्या उत्तरावर थांबायचे नाही. त्या काळी एड्सची अधिकृत व्याख्याच पुरुषांच्या लक्षणांवरून केलेली होती, त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारख्या आजारांनी मरणाऱ्या एचआयव्हीबाधित स्त्रिया एड्सच्या आकडेवारीत येत नव्हत्या आणि त्यांना अपंगत्वाचे साहाय्यही मिळत नव्हते. ती व्याख्या जानेवारी १९९३ मध्ये बदलली. त्यासाठी स्त्रियांनी जो लढा दिला, त्याचे चित्रण प्रामुख्याने या छोट्या कॅमेऱ्यांनीच करून ठेवले आहे.

‘अ‍ॅक्ट अप’ मार्च १९८७ मध्ये स्थापन झाली आणि तिने दूरचित्रवाणीचा वापर दोन्ही अंगांनी केला. ११ ऑक्टोबर १९८८ रोजी तिने वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिल येथील औषध-परवाना कार्यालयाला, म्हणजे एफडीएला, घेराव घातला. दिवसभरात १७० हून अधिक जणांना अटक झाली. त्याआधी काही आठवडे संघटनेची माध्यम समिती पत्रकारांना औषध-चाचण्यांचे किचकट नियम समजावून सांगत होती, ज्यामुळे संध्याकाळच्या बातम्यांत केवळ गोंधळाची दृश्ये न येता मागण्याही आल्या. सप्टेंबर १९८९ मध्ये न्यू यॉर्क शेअर बाजारात घुसून त्यांनी एझेडटी या एड्सवरील औषधाच्या किमतीविरुद्ध निदर्शने केली आणि काही दिवसांतच कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली.

दुसरे अंग म्हणजे स्वतःचा कॅमेरा. १९८९ मध्ये संघटनेतल्या व्हिडिओकारांनी ‘दिवा टीव्ही’ (DIVA TV) हा गट केला. हातात मावणारे कॅमकॉर्डर नुकतेच परवडू लागले होते. या गटाचे लोक आंदोलकांच्या बाजूला उभे राहून पोलिसांचे चित्रण करत. वाहिनीचा कॅमेरा बहुधा पोलिसांच्या रांगेमागे सुरक्षित जागी असतो, त्यामुळे पडद्यावर आंदोलक अंगावर धावून येताना दिसतात. कॅमेरा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेला की तोच प्रसंग उलटा दिसतो. हे मी स्वतः अनेक वेळा एकाच मोर्चाचे दोन ठिकाणांहून आलेले फुटेज समोरासमोर लावून पाहिले आहे. १० डिसेंबर १९८९ रोजी न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक या कॅथलिक कॅथेड्रलसमोरच्या निदर्शनांत ‘दिवा’चे रे नवारो येशूच्या वेशात माइक घेऊन वार्तांकन करत होते. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या त्या तरुणाचा पुढच्याच वर्षी एड्सने मृत्यू झाला.

आखाती युद्ध सुरू झाल्यावर, २२ जानेवारी १९९१ च्या संध्याकाळी, तीन आंदोलक सीबीएसच्या बातम्या थेट प्रसारित होत असताना स्टुडिओत शिरले. लढायचे असेल तर अरबांशी नको, एड्सशी लढा, अशी त्यांची घोषणा होती. पडदा काही क्षण काळा झाला आणि निवेदक डॅन रॅदर यांनी प्रेक्षकांची क्षमा मागितली. थेट प्रसारणात असा व्यत्यय आणण्याचे मी समर्थन करू शकत नाही, कारण कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांवर काय ओढवते हे मला ठाऊक आहे. पण दहा वर्षे दारावर थाप मारूनही दार उघडले गेले नाही म्हणून ते आत आले, हे सांगितल्याखेरीज त्या काळ्या पडद्याचे वर्णन पुरे होत नाही.

सार्वजनिक प्रसारण सेवेने, म्हणजे पीबीएसने, काही दारे उघडली आणि काही लावून घेतली. १९९१ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या जगण्यावरचा मार्लन रिग्ज यांचा वृत्तपट तिने दाखवला, परंतु अनेक स्थानिक केंद्रांनी तो नाकारला. त्यानंतर लगेच कॅथेड्रलच्या निदर्शनांवरचा लघुपट मालिकेतून काढून घेण्यात आला. १९९२ मध्ये जॉन स्कॅलिओटी यांनी पीबीएस केंद्रांसाठी समलिंगी समाजावरचा ‘इन द लाइफ’ सुरू केला. आधी करमणुकीचा असलेला हा कार्यक्रम लवकरच वृत्त-नियतकालिक बनला आणि २०१२ पर्यंत चालला. १९९४ मध्ये एमटीव्हीच्या एका वास्तवदर्शी मालिकेत पेद्रो झामोरा हा एचआयव्हीसह जगणारा तरुण आठवड्यामागून आठवडा लाखो घरांत दिसत राहिला. शेवटचा भाग प्रसारित झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

केबलवरच्या या कामाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पोहोच फार थोडी होती, आवाज अनेकदा खराब होता आणि सुरुवातीची कित्येक वर्षे पडद्यावर गोरे पुरुषच अधिक दिसत, जरी साथ कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत झपाट्याने पसरत होती. काम करणारे एकामागून एक मरत होते. जेम्स वेंट्झी यांनी १९९३ पासून ‘एड्स कम्युनिटी टेलिव्हिजन’चे दीडशेहून अधिक भाग केले. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी मृतांच्या आप्तांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अस्थी विखुरल्या, त्याचे चित्रणही त्यांनीच केले. जुलै १९९६ मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत औषधांच्या नव्या संयोगाचे निष्कर्ष आले, मृत्यू घटू लागले आणि या प्रकारचे काम हळूहळू थांबले.

आता आपल्याकडे येतो, कारण प्रश्न मराठी वाहिनीतून आला आहे. गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तदानातून एचआयव्हीची बाधा उघड झाल्यावर फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकाकी ठेवले. तो लढला, त्याने बाधितांसाठी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९९२ मध्ये तो गेला. त्या काळी आपल्याकडे दूरदर्शन तेवढे होते. कॅसेट घेऊन जाऊन ‘आपण’ म्हणता येईल अशी एकही खिडकी डॉमिनिकसारख्या माणसाला उपलब्ध नव्हती. आपल्या वाहिन्या वाढल्या त्या यानंतर, आणि त्या वाढल्या त्या मुख्यतः जाहिरातींच्या बळावर.

२००२ च्या अखेरीस मुंबईत ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ ही मोहीम फलकांवर, रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर आली. ती लोकांच्या तोंडी बसली यात शंका नाही. परंतु देहविक्री करणाऱ्या ज्या मंजुळाकडे बलबीर जातो तिच्याकडे इतरही जातात, हा मोहिमेचा युक्तिवाद होता आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी त्यावर रास्त आक्षेप घेतला : ही जाहिरात गिऱ्हाइकाशी बोलते आणि बाईला रोगाचे घर ठरवते. मंजुळा स्वतः संध्याकाळी टीव्ही पाहत असेल, हे कोणाच्या मनात आले नव्हते. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘जासूस विजय’ सुरू झाली. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांच्या सहकार्याने झालेल्या या रहस्यमालिकेतला गुप्तहेरच एचआयव्हीसह जगणारा होता आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने कोडे सोडवत होते. उपदेश न करता ‘आपण’ कसे म्हणावे, याचे आपल्याकडचे हे चांगले उदाहरण आहे.

वाईट उदाहरणे सांगणे मला जड जाते, पण ती सांगितली पाहिजेत. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, कवी होते आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेऊन आलेली माणसे त्यांच्या घरात घुसली आणि त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रण केले. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला ते निलंबन स्थगित केले आणि ७ एप्रिलला ते अलीगढमधल्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. आपल्या भाषेचा एक प्राध्यापक परमुलखात एकटा, अशा रीतीने गेला. २ जुलै २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने तेव्हा प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढलेले होते, हे विसरू नये. सिरस यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, फेब्रुवारी २०११ मध्ये, हैदराबादच्या एका तेलुगू वृत्तवाहिनीने समलिंगी पुरुषांच्या संकेतस्थळावर बनावट ओळखीने शिरून त्यांचे फोनवरचे संभाषण आणि चेहरे प्रसारित केले. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियंत्रण प्राधिकरणाने मार्चमध्ये तिला १ लाख रुपये दंड केला आणि पडद्यावर क्षमा मागायला लावली. दंड योग्यच होता; परंतु ज्यांचे चेहरे गेले त्यांना तो कोणत्याही प्रकारे परत मिळवून देणारा नव्हता.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एचआयव्हीवरच्या एका पॅकेजला दृश्ये कमी पडत होती आणि बुलेटिनला वेळ उरला नव्हता. मी लायब्ररीतून प्राइड मोर्चाचा, म्हणजे एलजीबीटी समाजाच्या अभिमान मोर्चाचा, फाइल शॉट उचलला आणि तीन सेकंद लावला. त्यात मुखवटा न घातलेला एक तरुण स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मोर्चात चालायला तो तयार होता, पण आजाराच्या बातमीत दिसायला कोणी त्याला विचारले नव्हते, आणि गावाकडे ती बातमी त्याच्या मोठ्या भावाने पाहिली होती. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्या दिवसापासून मोर्चाचे कोणतेही दृश्य आजाराच्या बातमीला लावत नाही आणि शिकाऊ मुलांनाही लावू देत नाही. प्राइडच्या फुटेजवर कशासाठी वापरावे आणि कशासाठी वापरू नये, अशी दोन ओळींची नोंद असलीच पाहिजे.

कायदाही आता स्पष्ट आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने कोणाचीही बाधा त्याच्या जाणत्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली आहे, आणि बाधितांविषयी द्वेष पसरेल असे प्रसिद्ध करण्यावरही बंदी आहे. चेहरा धूसर केला म्हणजे काम झाले असे समजू नये. आवाज, अंगठी, खिडकीबाहेरचे दुकान आणि ॲस्टनवरचे, म्हणजे पडद्याखालच्या नावाच्या पट्टीवरचे, गावाचे नाव एवढ्यावरूनही शेजाऱ्याला माणूस ओळखता येतो.

मराठीची एक अडचण आणि एक सोय दोन्ही सांगतो. आपले क्रियापद लिंग सांगून टाकते. ‘ते म्हणाले’ आणि ‘त्या म्हणाल्या’ यांतून आदरार्थी बोलतानाही सुटका नाही. म्हणून पारलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्तीशी बोलताना रेकॉर्डिंगच्या आधीच ‘तुमच्याविषयी बोलताना कसे बोलू?’ असे विचारावे आणि ते उत्तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीवर लिहावे, कारण व्हॉइसओव्हर करणारा माणूस मुलाखतीला हजर नसतो. ओळख लपवायची असेल तर ‘व्यक्ती’ हा शब्द फार कामाचा आहे. तो व्याकरणाने स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ही व्यक्ती म्हणाली’ असे संपूर्ण निवेदन करता येते आणि माणूस पुरुष की स्त्री हे उघड होत नाही. ‘एड्सग्रस्त’ऐवजी ‘एचआयव्हीसह जगणारे’ म्हणावे. आणि स्क्रिप्ट लिहून झाल्यावर ज्याच्याविषयी ती आहे तो घरच्यांसोबत बसून ती ऐकतो आहे असे धरून एकदा मोठ्याने वाचावी. जिथे आपला आवाज आपसूक खाली येईल ते वाक्य बदलावे.

शेवटी, तुमच्या वाहिनीबाहेर असलेल्या फुटेजविषयी. मुंबई आणि पुण्यातल्या कार्यकर्त्यांच्या घरी गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या सभा, मोर्चे आणि साध्या वाढदिवसांच्या हाय-एट व मिनी-डीव्ही कॅसेट असू शकतात. आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. कॅसेट उभी ठेवावी, डब्यात सिलिका जेल घालावे आणि फितीवर पांढरी झाक दिसली तर ती डेकमध्ये, म्हणजे कॅसेट चालवण्याच्या यंत्रात, मुळीच घालू नये, कारण त्याच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी आणि मगच संगणकावर उतरवावी. उतरवताना डब्यात एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर तारीख आणि ठिकाण असावे, आणि त्याखाली त्या दिवशी कोणी चेहरा दाखवायला होकार दिला होता आणि कोणी दिला नव्हता, हे आठवत असलेल्या माणसाला विचारून लिहून ठेवावे.